तांगारे ओढ्यावर तीन चिरूट

मेदेयिन, १४ जून १९७६

दिग्ना आत्या, आशीर्वाद दे.

दोन महिने पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात माझा कान पिळते आहेस, हे मला इथवर जाणवतं. पण आधी हे वाच, मग पिळायचा असेल तर दुसराही हजर आहे.

संग्रहालयात मला किड्यांच्या विभागात घेतलं, हे तुला कळवलंच होतं. आमचे मोठे साहेब, डॉक्टर आरिस्तीदेस लोंदोन्यो, सध्या एक यादी करताहेत: आपल्या देशात बारक्या टाचण्यांच्या जाती किती आणि कुठली जात कुठे आढळते. टाचणी म्हणजे चतुराची धाकटी बहीण, बसली की पंख मिटून घेते ती. आपल्या नदीवर तिला 'सैतानाची घोडी' म्हणतात. तर मी एक जुनी पेटी उघडली आणि तीत एकच टाचणी निघाली. दोऱ्याएवढी जाड, छाती नारिंगी, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका. अशी दुसरी अख्ख्या कोलंबियात कुणाकडे नाही. खाली चिठ्ठी होती, ती जशीच्या तशी उतरवतो:

'तांगारे ओढा, तोंडापासून तीन चिरूट वर. सप्टेंबर १९३५. पकडणारी: दि. इनेस्त्रोसा.'

आत्या, ही तूच ना? मी इतक्या जोरात हसलो की शेजारच्या खोलीतले पक्षीवाले धावत आले. 'तीन चिरूट' हे काय प्रकरण, ते इथे कुणाला कळेना. मी सांगितलं, आमच्याकडे अंतर असंच मोजतात. एक चिरूट ओढून संपेपर्यंत होडी जेवढी जाईल तेवढं एक चिरूट. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. जुलैत ते स्वतः तिकडे येताहेत. ती टाचणी पुन्हा सापडली तर यादीत तुझं नाव छापून येईल. छापून, आत्या.

तुझा,
हेर्मिनिओ

*

बोका दे तांगारे, २९ जून १९७६

हेर्मिनिओ पोरा, देव तुझं भलं करो आणि तुझं अक्षर सुधारो. तुझा 'र' अजून बसलेल्या बदकासारखा निघतो. चाळीस वर्षं या नदीवरच्या पोरांना मी अक्षरं गिरवायला लावली आणि माझ्याच भाच्याची ही तऱ्हा.

हो, ती मीच. वीस-एकवीस वर्षांची होते, नुकती शाळेत शिकवायला लागले होते. पाद्री आन्सेल्मो तेव्हा जाळी घेऊन हिंडायचे. किडा आणून दिला की संताचं चित्र द्यायचे. मी ती घोडी दिली, त्यांनी कुठली विचारलं, मी म्हटलं तीन चिरूट वर, त्यांनी लिहून घेतलं. मला संत बार्बारा मिळाली. झालं. यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

तुझं पत्र मी धक्क्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचलं. अर्ध्या गावानं ऐकलं. समोरच्या काठावरचा तो नीकानोर पालासिओस, ज्याच्याशी मी बोलत नाही हे तुला ठाऊक आहे, तो होडीतून केळी घेऊन चालला होता. 'तीन चिरूट' ऐकून असा हसला, असा हसला, की होडी आडवी झाली आणि दोन घड पाण्यात गेले. बरं झालं. माणसाला दुसऱ्याचा मान बघवत नसला की असंच होतं.

डॉक्टरांना खुशाल पाठव. त्यांना चीज घातलेला भात आणि सॉसेज करून घालीन. सांग त्यांना, दिग्ना इनेस्त्रोसा जे सांगते ते दगडावरची रेघ.

तुझी आत्या

*

मेदेयिन, ९ ऑगस्ट १९७६

आत्या, आशीर्वाद दे, आणि पुढचं वाचताना आधी खाली बस.

डॉक्टरसाहेब परत आले. एक बूट तांगारेत गेला, दुसरा त्यांनी संतापून स्वतःच फेकला. तुझ्या भाताची तारीफ करतात, बाकी कशाचीही नाही. धबधब्याच्या वर पाच दिवस राहिले, पाचही दिवस पाऊस, आणि ती टाचणी नाही म्हणजे नाही.

जागा मीच काढून दिली होती. आमचे दारवान आबेलार्दो चिरूट ओढतात. त्यांचा एक चिरूट घड्याळ लावून मोजला, पस्तीस मिनिटं. तीन चिरूट म्हणजे पावणेदोन तास. बांबूनं रेटलेली होडी तेवढ्या वेळात धबधब्याच्या जरा वर जाते. हिशेबात चूक नाही, मी तीनदा पडताळला.

आता साहेब म्हणतात, चिठ्ठीच खोटी. पाद्रीबुवा आधी पेरूत होते, तिथलीच टाचणी असेल, पेट्या सरमिसळ झाल्या असतील. नाहीतर, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, 'त्या बाईंनी पाद्र्याला खूश करायला जागा मनानं सांगितली असेल.' यादी ३० नोव्हेंबरला छापखान्यात जाणार. तोवर तिथूनच नवी टाचणी आली नाही तर तुझ्या नोंदीसमोर 'अविश्वसनीय' असं छापतील. नुसती वगळणार नाहीत, आत्या. नाव ठेवून पुढे तसं लिहिणार.

जागा आठवण्यात काही घोळ झाला असेल का? रागावू नकोस.

तुझा,
हेर्मिनिओ

*

बोका दे तांगारे, २० ऑगस्ट १९७६

मी रागावले नाही. फक्त तुझं पत्र वाचल्यावर कपडे धुवायला गेले आणि तुझ्या चुलतभावाच्या सदऱ्याची एक बाही हातात आली.

मनानं सांगितली म्हणे. या गावातल्या ज्या माणसाला सही करता येते, ती मी शिकवली म्हणून करता येते. आणि आता छापून येणार काय, तर दिग्ना इनेस्त्रोसा अविश्वसनीय. तेही शहरातल्या पुस्तकात, जिथं मी जाऊन खोडूही शकत नाही. पोरा, मला दुसरं काही नको. माझं नाव नसलं छापलं तर नसो, पण थापाडी म्हणून छापायचं नाही.

पण मग रात्रीचं जेवण झाल्यावर मला एकदम सुचलं आणि मी एकटीच हसत बसले. अरे अक्कलशून्या, चिरूट कुणाचा मोजलास? दारवानाचा! कोरड्या फाटकाशी खुर्ची टाकून, निखारा बाहेर ठेवून ओढणाऱ्या माणसाचा! तुझी आई तुला नवव्या वर्षी शहरात घेऊन गेली, त्याचं हे फळ. आम्ही बायका कशा ओढतो ते विसरलास? पेटलेलं टोक तोंडात. बाहेर पाऊस, हातात वल्हं, समोरून पाणी उडतंय. निखारा बाहेर ठेवला तर दोन वल्ह्यांत विझेल. आत ठेवला की धिमा जळतो, विझत नाही, हात मोकळे. असा चिरूट दुप्पट टिकतो.

घाल हे तुझ्या साहेबांच्या चष्म्यात.

तुझी आत्या

*

मेदेयिन, ३ सप्टेंबर १९७६

आत्या, आत्या, आत्या.

संग्रहालयात सध्या दुसरा विषय नाही. दारवान आबेलार्दोंनी ऐकलं आणि 'यात काय मोठंसं' म्हणून तिथेच चिरूट उलटा करून तोंडात घातला. पुढचे दोन दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हातवारे करून वाट दाखवत होते. मग मी आपल्याकडची एउफेमिया, जी इथे लोकांकडे कपडे धुते, तिला बोलावलं. ती टेबलाशी बसली, निखारा आत, आणि आम्ही सहा जण घड्याळ धरून तिच्याभोवती. सत्तर मिनिटं! वर म्हणाली, 'आज वारा होता, नाहीतर आणखी चालला असता.' डॉक्टरसाहेब स्वतः बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, 'मला हे विद्यापीठात कुणी शिकवलं नाही.'

तर जागा दुप्पट वर आहे, थेट ओढ्याच्या उगमाकडे. साहेब पुन्हा यायला तयार नाहीत, नवे बूट आहेत. मला रजा नाही. म्हणून तुलाच जायचं आहे. सोबत जाळी पाठवतोय. टाचणी धरली की कागदाच्या त्रिकोणी पुडीत, पंख मिटवून, एकेक ठेवायची. पुडीवर जागा आणि तारीख.

एक विनंती: त्या नीकानोरला बरोबर घेऊ नकोस. जो माणूस तुझ्या मानावर हसला तो कामात खोडाच घालील.

तुझा,
हेर्मिनिओ

*

बोका दे तांगारे, ११ ऑक्टोबर १९७६

पोरा, संत फ्रान्सिस्कोचा सण आटपून, डोकं ठिकाणावर आल्यावर गेलो. मी, पास्तोरा आणि एउलोखिया. तिघींचं वय मिळून एकशे नव्वद. मी आठ वर्षांपूर्वी चिरूट सोडला होता, तो शास्त्रासाठी पुन्हा धरला. फार बरं वाटलं, शास्त्राचं काही वाईट नाही.

आता ऐक. पहिलं भांडण धक्क्यावरच. पास्तोरा चिरूट वळते तो अंगठ्याएवढा जाड, एउलोखियाचा करंगळीएवढा. प्रमाण कुणाचा धरायचा? पास्तोरा म्हणाली माझा, कारण होडी तिची. एउलोखिया म्हणाली १९३५ साली एवढी तंबाखू कुणाला परवडत होती. शेवटी माझा धरला, कारण सही माझी. दुसरं भांडण वाटेत. निखारा तोंडात असला की बोलता येत नाही, आणि एउलोखियाला न बोलता राहणं ठाऊक नाही. ती दर वळणावर चिरूट बाहेर काढायची, तो विझायचा, मग पास्तोरा म्हणायची थांबा, हा वेळ धरायचा नाही, आणि होडी उलटी वाहायला लागायची. धबधब्याला होडी खांद्यावर घेऊन चढलो. तिथून वर तीन बायका, तिघींच्या तोंडातून धूर. वाटेत भेटलेल्या लाकूडतोड्यानं छातीवर क्रूस काढला.

आणि हेर्मिनिओ, घोड्या! मी आयुष्यभर या ओढ्यावर कपडे आपटले आणि कधी डोळे उघडून बघितलंच नाही. एक निळी, इतकी निळी की पास्तोरा म्हणाली हिचा रंग हाताला लागत असेल. एक अशी की उडताना फक्त पंखांच्या टोकांचे चार पिवळे ठिपके दिसतात, अंग दिसतच नाही. एउलोखिया तिच्यामागे पाण्यात पडली आणि वर आली ती हसतच. एक दगडावर बसून दुसरीला दम देत होती. आणि जोड्या पोरा, नर मादीच्या मानेला धरून उडतो, दोघं मिळून एकच किडा वाटतो. त्यांना पाद्री लागत नाही. मी चौदा तऱ्हा मोजल्या. संध्याकाळी तिघी दगडावर भाजलेली केळी खात बसलो आणि उगाचच, काही कारण नसताना, गाणी म्हटली. मला एकसष्टाव्या वर्षी हे कुणी दिलं असतं? तुझ्या त्या यादीनं दिलं.

पण आपली नाही सापडली. तिथं वर ओढा म्हणजे नुसता चिखल. चौदा पुड्या पाठवते, नारिंगी एकही नाही.

येताना तो नीकानोर त्याच्या काठावर जाळं दुरुस्त करत होता. आम्हाला बघून ओरडला, 'बाई, फार पुढे गेलात.' मी मान फिरवली. पास्तोरा विचारत होती, हा काय म्हणाला. मी म्हटलं, वारा आहे, ऐकू आलं नाही.

तुझी आत्या

*

मेदेयिन, २५ ऑक्टोबर १९७६

आत्या, आशीर्वाद दे.

तुझ्या चौदा पुड्यांतल्या तीन जातींची आपल्या चोको प्रांतातली नोंद आजवर नव्हती. डॉक्टरसाहेबांनी प्रत्येक पुडी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि तुझ्या अक्षराचं कौतुक केलं. माझ्याकडे बघून केलं.

तरीही त्यांनी ती ओळ लिहिली. माझ्याच टेबलावर टंकलेखनाला आली: 'पकडणारीचं विधान विश्वासार्ह नाही, दोनदा शोध घेऊनही आढळ नाही.' आत्या, मी ते तीन वेळा टंकलं आणि तीनदा कागद फाडला. चौथ्यांदा टंकावं लागलं. साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, 'तुमच्या आत्याबाईंनी ही तीन जातींची भर घातली, त्याबद्दल मी त्यांना मानतो. पण तीन चिरूट आधी एक अंतर, मग दुप्पट. आता तिसऱ्यांदा काय सांगणार?'

अजून महिना आहे. पण तू आता दमू नकोस. आणि त्या नीकानोरच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. ज्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही तो तुला काय सांगणार, फार पुढे गेलात म्हणून.

तुझा लाजलेला,
हेर्मिनिओ

*

बोका दे तांगारे, ५ नोव्हेंबर १९७६

हेर्मिनिओ,

हे पत्र धक्क्यावर वाचलं नाही, लिहिलंही नाही. दार लावून बसले आहे. तू आता चोवीस वर्षांचा आहेस, तेव्हा आत्या म्हणून नव्हे, मोठ्या माणसाला लिहावं तसं लिहिते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती दिवस.

तीन चिरूट लागले हे खरं. निखारा आत हेही खरं. पण होडी तेवढा वेळ चालत नव्हती.

त्या दिवशी मी एकटी नव्हते. वल्ह्यावर नीकानोर होता. चिरूट दोघांत एक, आळीपाळीनं. पहिला संपायच्या आतच त्यानं होडी एका बाजूच्या पाण्यात घातली. मुळांच्या मागे जेमतेम एक होडी शिरेल एवढं तोंड, आत सावली आणि स्तब्ध पाणी. बाकीचे दोन चिरूट आम्ही तिथे ओढले. म्हणजे, पेटवले. तोंडाला दुसरं काम असलं की चिरूट किती वेळ टिकतो, ते तुझ्या दारवानाला घड्याळ लावूनही सांगता यायचं नाही.

ती घोडी त्याच्या टोपीत सापडली. त्यानंच धरली. माझ्या केसांवर बसली होती. मी ती पाद्रीबुवांकडे नेली, कारण मला ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. आणि त्यांनी विचारलं, कुठे? कुणाबरोबर? अरे, पाद्र्याला काय सांगणार? मी म्हटलं, एकटी होते, तीन चिरूट वर. वेळ खरा सांगितला, तेवढंच माझ्या मनाला बरं वाटलं. तुझे साहेब म्हणतात ते खरंच आहे, पोरा. पाद्र्याला खूश करायलाच सांगितलं.

पुढल्या वर्षी तो नदीतलं सोनं उपसणाऱ्या यंत्रावर कामाला गेला. जाताना म्हणाला, येतो. आला तो तीन वर्षांनी, सान हुआन नदीवरची बायको घेऊन. ती भली बाई होती, आठ वर्षांपूर्वी गेली. मी तिच्या मुलांना शिकवलं. त्याच्याशी मात्र एक शब्द नाही बोलले. तो हसला ना त्या दिवशी, केळी पाण्यात पडेपर्यंत? तो माझ्या मानावर नव्हता हसला. त्याला आठवलं होतं. मलाही आठवलं होतं, म्हणून मला राग आला.

तू म्हणशील, मग जाऊन ती जागा शोध. कशी शोधू? ओढ्याला अशी बाजूची शंभर तोंडं आहेत. आणि आत शिरताना माझे डोळे मिटलेले होते. ती जागा एकाच माणसाला ठाऊक आहे.

तेव्हा उद्या सकाळी नदी ओलांडून जाते. एवढं अंतर कापायला मला एकेचाळीस वर्षं लागली. मला अविश्वसनीय म्हणून छापून घ्यायचं नाही, हे कारण मी त्याला सांगणार आहे. माझं खरं कारण तेच आहे की नाही, ते विचारू नकोस.

आत्या

*

बोका दे तांगारे, १२ नोव्हेंबर १९७६

पुड्या आधी उघड, मग वाच. हळू उघड. एक नर, एक मादी. मादीच्या पुडीवर खूण केली आहे.

गेले. तो चुलीशी होता. मला दारात बघून त्याच्या हातून पळी पडली. मी तयार करून गेलेलं सगळं भाषण विसरले आणि म्हटलं, 'नीकानोर, ती जागा कुठे आहे?' कुठली जागा, असं त्यानं विचारलं नाही. टोपी घेतली आणि होडीकडे चालायला लागला.

धक्क्यापासून, म्हणजे ओढ्याच्या तोंडापासून, पहिलं वळण, दुसरं वळण, मोडक्या झाडाच्या मागे. पाऊण चिरूटसुद्धा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुझ्या साहेबांची मोटारहोडी त्याच्या तोंडावरून गेली असणार, भुर्रकन. आम्ही तिघी तर तिथेच विझलेला चिरूट पुन्हा पेटवायला थांबलो होतो.

आत शिरताना मी या खेपेला डोळे उघडे ठेवले. मुळांचं तोंड मोकळं होतं, फांद्या कापलेल्या. मी म्हटलं, हे इतकं स्वच्छ कसं? तर म्हणाला, 'मी दरसाल तोडतो. नाहीतर बुजून जाईल.' मी विचारलं, मासे मिळतात का इथे? म्हणाला, 'एकही नाही.'

मग आम्ही दोघंही पाण्याकडे बघत राहिलो. आणि त्या होत्या, हेर्मिनिओ. सावलीत, पाण्यापासून वीतभर वर, एका जागी थरथरत. आधी नारिंगी दिसतं, मग निळा ठिपका, मधलं अंग नंतर कळतं. मी अकरापर्यंत मोजल्या आणि माझे डोळे भरून आले, मग मोजता येईना. त्यानं टोपी काढली. मी म्हटलं, थांब, आता जाळी आहे. तो म्हणाला, जाळीचं मला काही कळत नाही. टोपीनंच धरल्या दोन्ही.

जागा लिहून घे: तांगारे ओढा, तोंडापासून पाऊण चिरूट, डावीकडचं बाजूचं पाणी. निखारा आत.

आत्या

*

मेदेयिन, २२ नोव्हेंबर १९७६

लाडक्या आत्या,

मी पुड्या उघडल्या तेव्हा डॉक्टरसाहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. मग खुर्ची ओढून खाली बसले आणि म्हणाले, 'या मादीचं वर्णन जगात कुठंही नाही.' मग उठले आणि दारवान आबेलार्दोंचा हात हातात घेऊन हलवत राहिले. त्यांना काहीच कळलं नाही. आज सगळ्यांना त्यांच्यातर्फे कॉफी होती.

तुझं पाच तारखेचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. साहेबांना एवढंच सांगितलं, की त्या दिवशी होडी वाटेत थांबली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'बराच वेळ थांबली असावी.' मी त्या माणसाविषयी तुला काय काय लिहिलं होतं ते आठवून मला आता तोंड लपवावंसं वाटतं.

ती वाईट ओळ गेली. माझ्या हातांनी खोडली. आता असं छापलं जाईल:

'तांगारे ओढा, चोको. पकडणारी: दिग्ना इनेस्त्रोसा, १९३५ आणि १९७६.'

पुढे एक शब्दही शंकेचा नाही. तू म्हणाली होतीस ना, दुसरं काही नको? मिळालं. काही दुरुस्ती असेल तर तीस तारखेपर्यंत तारेनं कळव.

तुझा,
हेर्मिनिओ

*

तार, किब्दो, २८ नोव्हेंबर १९७६

ओळ चुकीची. दोन्ही वेळा धरली नीकानोर पालासिओस यांनी. पाद्र्यापाशी खोटं बोलले, पुस्तकात बोलणार नाही. दोन्ही नावं घाल. जमत नसेल तर माझं काढ. दिग्ना

*

बोका दे तांगारे, १९ फेब्रुवारी १९७७

हेर्मिनिओ बाळा, देव तुझं भलं करो. तुझ्या साहेबांचंही करो, आणि त्यांना न विरघळणारे बूट देवो.

पुस्तक काल टपालाच्या होडीनं आलं. गावाला मी अजून दाखवलं नाही, पास्तोरालासुद्धा नाही. ती विचारून विचारून अर्धी झाली आहे. आधी नदी ओलांडून गेले.

तो पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले, पान सत्तेचाळीस उघडलं आणि मांडीवर ठेवलं. म्हटलं, बघ. तो बघत राहिला. मी या नदीवर चाळीस वर्षं शिकवलं, त्याची पोरं शिकवली, नातवंडं शिकवली. समोरच्या काठावर तो अंगठा उठवत राहिला आणि मी बघत राहिले. हट्ट माझा होता, हे आता लिहूनच टाकते.

त्याचं बोट धरलं आणि ओळीवर ठेवलं. हे माझं नाव, म्हटलं. दिग्ना इनेस्त्रोसा. बोट पुढे सरकवलं. आणि हे तुझं. नीकानोर पालासिओस. त्यानं बोट उचललं नाही. तसंच परत मागे आणलं, दोन नावांच्या मधल्या जागेवर, आणि तिथे थांबला. मला वाटलं, त्याला दिसत नसेल.

तो म्हणाला, 'इथे हे एक अक्षर एकटंच उभं आहे. बारकं. ते कुणाचं?'

'ते कुणाचं नाही,' मी म्हटलं. 'ते "y" आहे. त्या एका अक्षराचा अर्थ "आणि".'

हेर्मिनिओ, नीकानोर पालासिओस वयाच्या पासष्टाव्या वर्षी पहिलं अक्षर शिकला ते हे. बाकीची आम्ही सावकाश घेतोय.

तुझी,
दिग्ना आत्या